लवणासुराचं गाव

काठावर

लोणारच्या विवराच्या काठावर उभं राहिलं की गाईड आधी कथा सांगतो. उल्का नंतर येते.

कथा अशी. इथे जमिनीखाली लवणासुराचं घर होतं. बाहेर पडला की तो सगळ्या मुलखाला छळायचा आणि देवांनाही सोडायचा नाही. घराचं दार मात्र कुणाला सापडत नव्हतं, कारण वर भलंमोठं झाकण होतं. देव विष्णूकडे गेले. विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं आणि लवणासुराच्या दोन बहिणींना भुलवलं. त्यांच्याकडून भावाचा ठावठिकाणा कळला. मग पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवून विष्णू आत उतरला आणि त्यानं दैत्याला मारलं. त्याचं घर ते हे विवर, त्याचं रक्त ते पाणी, आणि काठाला साचतो तो खार त्याचं मांस. झाकण उडून नैऋत्येला ढाकेफळजवळ पडलं, तिथली टेकडी मापाला बरोबर बसते, असं जुन्या गॅझेटियरातही नोंदलेलं आहे. बहिणींचं पुढे काय झालं, असं विचारलं की गाईड नुसता हसतो.

समोर जे दिसतं ते कथेला पुरून उरतं. एका काठापासून समोरच्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. तळ दीडशे मीटरच्या आसपास खाली. भोवती सपाट काळी शेतं, सोयाबीन आणि कापूस, आणि मधेच जमिनीनं आ वासलेला. बाहेरून येताना काही म्हणजे काही कळत नाही. काठ आजूबाजूच्या रानापेक्षा जेमतेम वीस-तीस मीटर उंच, त्यामुळे एखादी किरकोळ चढण चढावी तसे आपण चढतो आणि पायाखालची जमीन संपते.

खाली उतरलं की गाईडकडे एक ठरलेला प्रयोग असतो. खिशातून हळदीची पुडी काढायची, चिमूटभर तळहातावर घ्यायची आणि त्यावर तळ्याचं पाणी शिंपडायचं. पिवळी हळद लगेच विटकरी-लाल होते. अल्कधर्मी पाण्यात हळद लाल होणारच, सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातली गोष्ट. या पाण्याचा सामू दहाच्या वर जातो, बोटं एकमेकांवर घासली तर साबण लावल्यासारखी बुळबुळीत लागतात. पण लाल झालेला तळहात पुढे धरून गाईड म्हणतो, “रगत हाय ना भाऊ त्याचं, मंग लाल नाही होणार तं काय?” सोबतची शाळकरी पोरं दोन्ही उत्तरं एकदमच ओरडतात. एक विज्ञानाचं आणि एक लवणासुराचं. दोन्हींत भांडण आहे असं त्यांना वाटत नाही.

चौकातला डेव्हिड

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो असा: धर्मग्रंथातली गोष्ट एखाद्या शहराची शान कशी होते? त्यांच्या मनात फ्लॉरेन्स होतं. अंकाची ऐपत मला फ्लॉरेन्सला पाठवायची नव्हती, बुलढाणा जिल्ह्यात पाठवायची होती. तरी विषय समजायला आधी फ्लॉरेन्सकडे बघणं भाग आहे, कारण तिथे हा सगळा व्यवहार दिवसाढवळ्या, सभा भरवून झाला.

बायबलच्या जुन्या करारातली गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मेंढरं राखणारा पोरगा डेव्हिड, चिलखत घातलेला राक्षसी गोलायथ, एक गोफण, एक दगड. मायकेलअँजेलोनं १५०१ ते १५०४ या काळात हा डेव्हिड संगमरवरात घडवला, सतरा फुटांच्या आसपास उंच. दगडही उष्टा होता. आधीच्या कारागिरांनी हात घालून सोडून दिलेला आणि कितीतरी वर्षं पडून राहिलेला. पुतळा बसणार होता कॅथीड्रलवर उंचावर, म्हणजे देवाच्या घरी. पण तो तयार होत आला तोपर्यंत गावाचं राजकारण पालटलं होतं. मेडिची घराण्याला १४९४ मध्ये शहराबाहेर काढलेलं होतं. प्रजासत्ताक नवं होतं, भोवती बडे शत्रू होते आणि घरातून हाकललेले मेडिची परत यायची वाट बघत होते. अशा शहराला लहानगा डेव्हिड आपला वाटला नसता तरच नवल. जानेवारी १५०४ मध्ये पुतळा कुठे उभा करायचा हे ठरवायला जाणत्या लोकांची बैठक झाली. तिच्यात लिओनार्दो दा विंची होता, बोत्तिचेल्ली होता. शेवटी जागा ठरली ती सरकारवाड्याच्या दारात. तिथे आधीपासून दोनातेल्लोची जुडिथ उभी होती, शत्रूच्या सेनापतीचं मुंडकं उतरवणारी विधवा. तीही धर्मग्रंथातलीच आणि मेडिचींच्या वाड्यातून उचलून आणलेली. डेव्हिडसाठी तिला हलवलं.

मे महिन्यात पुतळा निघाला. चाळीसहून अधिक माणसं चार दिवस तो ओढत होती. वाटेत रात्री कुणीतरी त्याच्यावर दगडफेक केली म्हणून पहारा बसवावा लागला. ही दगडफेक मला फार महत्त्वाची वाटते. ज्या पुतळ्यावर कुणी दगड मारत नाही तो निव्वळ शोभेचा असतो. डेव्हिड ‘आपला’ म्हणजे नेमका कुणाचा, हे त्या रात्री गल्लीबोळांत ठरत होतं. पुढे १५१२ मध्ये मेडिची परत आले, १५२७ च्या दंगलीत वाड्याच्या खिडकीतून भिरकावलेल्या बाकानं डेव्हिडचा हात मोडला. १८७३ मध्ये मूळ पुतळा संग्रहालयात हलवला आणि १९१० पासून चौकात नक्कल उभी आहे. शहराला तीही चालते.

आपल्याकडे जुन्या करारातली कथा जमिनीत रुजलेली बघायची तर अलिबागजवळ खंडाळ्याला जावं लागतं. तिथे एका खडकावर खुणा आहेत. संदेष्टा एलियाहू अग्निरथातून स्वर्गाला गेला तो इथून, आणि त्या खुणा त्याच्या रथाच्या, अशी बेने इस्राएल या ज्यू समाजाची श्रद्धा आहे. नवस फेडायला लोक तिथे येतात आणि पोहे, गूळ, खोबरं, फळं यांचा मलिदा करतात. समाजातली बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली, तरी तिकडून येणारे त्या खडकाचं दर्शन घेऊनच परततात. पण ती एका समाजाची ठेव झाली. अख्ख्या गावानं, सगळ्या जातीधर्मांनी मिरवावी अशी कथा शोधत गेलं तर माझ्या माहितीत लोणारसारखं गाव नाही.

हरलेल्यांची नावं

जिल्ह्याला मिरवायला तशी कमतरता नाही. सिंदखेड राजाला लखुजी जाधवांचा वाडा आहे, १२ जानेवारी १५९८ हा जिजाऊंचा जन्मदिवस मानला जातो आणि दर वर्षी त्या दिवशी गावात पाऊल ठेवायला जागा उरत नाही. शेगावला गजानन महाराज आहेत. खामगावची चांदी आहे. ही सगळी सरळ चालीची शान: मोठं माणूस, थोर संत, पिवळंपांढरं सोनंनाणं. लोणारची चाल मात्र उलटी आहे. फ्लॉरेन्सनं जिंकणाऱ्या पोराला आपलं म्हटलं. लोणारनं मारल्या गेलेल्याला.

हे एकट्या लोणारचं नाही. वीस-पंचवीस किलोमीटरवर मेहकर आहे. पैनगंगेच्या काठचं जुनं गाव. तिथेही हीच गोष्ट. मेघंकर नावाचा दैत्य होता, विष्णूनं शारंगधर होऊन त्याला मारलं आणि गावाला नाव पडलं ते मेलेल्याचं. १८८८ साली मेहकरला खोदकामात विष्णूची काळ्या पाषाणाची उंचीपुरी मूर्ती निघाली. तोच आजचा शारंगधर बालाजी. ती इंग्रज साहेब विलायतेला नेणार होता आणि गावकऱ्यांनी घाईघाईनं प्रतिष्ठापना करून वाचवली, असं मेहकरात आजही अभिमानानं सांगतात. म्हणजे देव गावात आहे, त्याच्यासाठी गाव साहेबाशी भिडल्याची आठवण आहे, आणि पाटीवर नाव दैत्याचं. कोल्हापूर हेही कोल्हासुराचं. त्यानं मरताना देवीकडे मागणं मागितलं की या क्षेत्राला माझं नाव राहू दे. गयेत गयासुर, म्हैसूरला महिषासुर. म्हैसूरच्या चामुंडी टेकडीवर तर हातात तलवार आणि नाग घेतलेला रंगीत महिषासुरच पर्यटकांचं स्वागत करतो, आणि फोटो त्याच्यासोबतच काढले जातात.

पुराणं ही जिंकणाऱ्याच्या बाजूनं सांगितली जातात. गावाला मात्र रोज जमिनीशी जगावं लागतं आणि जमीन हरलेल्याची असते. देव येतो, मारतो, निघून जातो. दैत्य इथलाच. लोणारच्या खोऱ्यात उतरलं तर एका पडक्या वास्तूला लोक शुक्राचार्यांची वेधशाळा म्हणतात. शुक्राचार्य म्हणजे दैत्यांचे गुरू. विष्णूच्या विजयाची कथा सांगणाऱ्या गावानं हरलेल्या पक्षाच्या मास्तरांचीही जागा राखून ठेवली आहे, हे मला फार लोभस वाटलं.

दैत्यसूदन

जिंकणारा गावात आहे, तो दैत्यसूदनाच्या मंदिरात. घरं, दुकानं आणि उभ्या दुचाकी यांच्यामधून वाट काढत गेलं की अचानक ताऱ्याच्या आकाराच्या जोत्यावर उभं राहिलेलं काळं दगडी मंदिर समोर येतं. कोन आत-बाहेर इतके की भिंत अशी सलग कुठे राहतच नाही. वर पूर्ण शिखर नाही. बाहेरच्या भिंतींवर देव, अप्सरा, हत्ती, मिथुनशिल्पं. शाळेच्या सहलीतल्या बाई पोरांना घाईघाईनं दुसऱ्या बाजूला वळवतात ते त्यामुळेच. गावकरी त्याला सरळ हेमाडपंती म्हणतात. मंदिराची जडणघडण चालुक्य-यादव काळातली, चुना न वापरता दगडात दगड बसवलेली.

आत अंधार. मूर्ती विष्णूची, पायाखाली लवणासुर. मूळ मूर्ती हरवली, आताची नागपूरकर भोसल्यांच्या काळात बसवली, असं सांगतात. पण बघायचं ते छत. मान मोडेपर्यंत वर बघितलं आणि कुणीतरी मोबाइलचा दिवा धरला की दगडी पट्टांमधून कथा एकेक करून बाहेर येते. वधाचे प्रसंग एकामागोमाग एक, हिरण्यकशिपूला मांडीवर घेतलेला नरसिंह, आणि त्यांच्यातच इथला, खास इथला, लवणासुर. पुराणातल्या नामांकित वधांच्या रांगेत आपल्या गावातला वध नेऊन बसवणं, ही त्या काळच्या शिल्पकाराची किंवा त्याला पैसे देणाऱ्याची चलाखी म्हणायची. आजची नगरपालिका स्वागतकमानीवर थोरांच्या ओळीत गल्लीतल्या पुढाऱ्याचा फोटो लावते ती याच घराण्यातली.

मे महिन्याच्या मध्याला, दुपारच्या जरा आधी, काही दिवस सूर्याचा कवडसा गाभाऱ्यात मूर्तीवर पडतो. गाव त्याला किरणोत्सव म्हणतं. लोणार वीस अंश अक्षांशाला अगदी लागून आहे, त्यामुळे याच सुमारास, २० मेच्या आसपास, भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली काठीच्या पायाशी जाते. बांधणाऱ्यांना ते ठाऊक असणार. बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात लोक मंदिराबाहेर रांग लावतात आणि प्रत्येकाला आत मिळतात ते जेमतेम काही क्षण. कवडसा मूर्तीच्या कपाळावरून खाली सरकत जातो तो शेवटी तिच्या पायांपर्यंत येतो, म्हणजे लवणासुरापर्यंत.

रक्त, मांस आणि महसूल

कथा नुसती भक्तीवर इतकी शतकं टिकत नाही. तिला काहीतरी उत्पन्न लागतं. लोणारला ते तळ्यानं दिलं.

अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना लोणारची दखल घेतली आहे. मेहकर सरकारातलं हे पवित्र ठिकाण आहे आणि ब्राह्मण त्याला विष्णुगया म्हणतात, हे तो सांगतो. आणि त्याच दमात पुढे सांगतो की काच आणि साबण करायला लागणारं सगळं इथे मिळतं, सोऱ्याचं उत्पादन होतं आणि त्यातून सरकारला चांगला महसूल येतो. देवस्थान आणि वसुली एकाच परिच्छेदात. त्याच्या आधी लीळाचरित्रात लोणार येतं, चक्रधरस्वामी इथे आले होते. म्हणजे गाव वाटेवरचं होतं, कुठल्या कोपऱ्यातलं आडगाव नव्हतं.

खार काढायचं काम उन्हाळ्यात चाले. पाणी मागे हटलं की काठाचा चिखल उघडा पडायचा आणि त्यावर पांढरी पापडी धरायची. माणसं खाऱ्या चिखलात गुडघाभर उतरून खाराचे खडे आणि ढेकळं काढत, वाळवत, प्रतीप्रमाणे वेगळी करत. डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्यांची नावं आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. बांगड्यांच्या काचेला एक, साबणाला एक, कापड रंगवायला एक. रसायनाच्या भाषेत सोडियम कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि साधं मीठ यांची कमी-अधिक मिसळ. पुढे कारखान्यातला स्वस्त सोडा बाजारात आला आणि हा धंदा बसला. आज खार काढणारा माणूस लोणारात दिसत नाही.

पण तो धंदा डोळ्यांपुढे आणला की कथेतलं रक्तमांस वेगळं दिसू लागतं. दर उन्हाळ्यात ज्या गावाची माणसं चिखलातून पांढरे लगदे उपसून विकत होती, त्यांना ते दैत्याचं मांस वाटणं हे काही भाबडेपण नव्हे. आपण खातो ते कुणाच्या तरी मरणातून आलंय, एवढी जाण त्यात आहे. विष्णूनं लवणासुराला मारलं आणि गावानं पुढची कित्येक शतकं त्याच्यावर पोट भरलं. इतकं देणाऱ्याचं नाव गाव टाकणार कसं?

उल्का कथेत शिरते

इंग्रज आले तेव्हा त्यांना हे विवर ज्वालामुखीचं वाटलं. ते साहजिकही होतं. सगळं वऱ्हाड आणि मराठवाडा लाव्ह्याच्या थरांवर बसलेलं, साडेसहा कोटी वर्षांमागचा काळा बेसाल्ट. अशा खडकात गोल खड्डा दिसला तर आधी ज्वालामुखीच सुचणार. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. १८९६ मध्ये अमेरिकेतल्या गिल्बर्ट या भूवैज्ञानिकानं ॲरिझोनातल्या विवराशी त्याचं साम्य दाखवलं. गंमत अशी की तेव्हा गिल्बर्टला ॲरिझोनाचं विवरही ज्वालामुखीच्या वाफेचंच वाटत होतं. खरा निकाल लागला १९७० च्या दशकात. काठावर काचेचे मणी आणि वितळलेल्या खडकाचे तुकडे सापडले, तळ्याच्या तळाशी छिद्रं पाडून नमुने काढले आणि त्यांत प्रचंड धक्क्याखेरीज तयार होऊ न शकणारी काच मिळाली. स्मिथसोनियन संस्था आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या शास्त्रज्ञांचा १९७३ चा शोधनिबंध हा यातला मैलाचा दगड. चंद्रावरची काळी मैदानं बेसाल्टची, मंगळाचा पृष्ठभागही बराचसा. तिथले खड्डे समजून घ्यायला पृथ्वीवर बेसाल्टमधलं इतकं शाबूत विवर दुसरं मिळणं कठीण. म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ लोणारला येतात. १९७९ मध्ये त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून मान मिळाला.

वयाचा वाद अजून आहे. एका पद्धतीनं ५२ हजार वर्षं, दुसऱ्या, नंतरच्या मोजणीनं ५ लाख ७० हजार. गाईडांच्या तोंडी बहुतेक पन्नास हजारच असतात. पाच लाखांचा आकडा सांगितला की माणसं ऐकत नाहीत, असं एकानं मला समजावलं. त्याच्या धंद्याला माणसाच्या कल्पनेत मावेल एवढंच वय लागतं.

मला उत्सुकता होती ती वेगळीच. नवी गोष्ट आली की जुनी निघून जाते, असा आपला शहरी समज. लोणारात तसं झालं नाही. उल्का सरळ कथेत शिरली. विष्णूनं वरून मारलेला फटका म्हणजेच आकाशातून आलेला दगड, आणि उडालेलं झाकण म्हणजेच बाहेर फेकला गेलेला खडक, अशी जुळणी काठावर दिवसातून चारदा ऐकू येते. ती ऐकताना माझ्यातला विज्ञानवादी अस्वस्थ होतो. गावाचं वर्णन म्हणून ती अगदी नेमकी आहे, हेही मान्य करावं लागतं.

जुळणी कुठे ताणली जाते तेही सांगायला हवं. गावाजवळ मोठ्या मारुतीचं मंदिर आहे, मारुती आडवा पहुडलेला. त्याच्या दगडाजवळ होकायंत्राची सुई हलते, म्हणून तो उल्केचाच तुकडा, असं सांगतात. बेसाल्टात मुळातच चुंबकीय खनिज असतं. सुई हलायला आकाशातून काही यावं लागत नाही. शेजारीच अंबर तळं आहे, उथळ गोल खळगा. तो छोट्या तुकड्यानं झाला, असं काही अभ्यासकांनीही सुचवलं, दुसऱ्यांनी ते खोडलं. गावाचा कौल मात्र लागून गेलेला आहे.

शान कुणाची, सांडपाणी कुणाचं

ईशान्येच्या काठावर धार आहे. गोमुखातून पडणारं, बारा महिने न आटणारं गोड्या पाण्याचं तीर्थ. बायका-पुरुष आंघोळ करतात, ओले कपडे दगडांवर पसरतात, पोरं धारेखाली उभी राहून किंचाळतात. हेच पाणी घळीतून खाली तळ्यात उतरतं. खाली कमळजा देवीच्या मंदिराजवळ सासू-सुनेची विहीर आहे, एकीकडे गोडं पाणी आणि एकीकडे खारं. कुठलं सासूचं हे विचारणाऱ्याला लगेच कळतं की हा प्रश्न त्याच्याआधी हजारोंनी विचारला आहे. गोड आणि खारं यांचा हा तोल म्हणजेच लोणार. तो बिघडला तर तळं नुसतं तळं उरेल.

तोल बिघडवण्यात गावाचाही वाटा आहे. गाव काठाला चिकटून वाढलं. गटारांना उतार मिळाला तो विवराकडे. साबणाचं पाणी, मैलापाणी, शेतातली खतं वर्षानुवर्षं घळींमधून खाली गेली. खुद्द विवराच्या पोटातही पूर्वी केळी-पपईच्या बागा होत्या. २००० साली अभयारण्याची अधिसूचना निघाल्यावर खालची शेती थांबली, बाहेरचं सांडपाणी मात्र थांबायला कोर्टकचेऱ्या लागल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका चालल्या. सांडपाणी, अतिक्रमणं, काठावर माजलेली वेडी बाभूळ, एकेका गोष्टीवर आदेश निघाले.

अडचण अशी की विवराला मालक फार. तळं आणि उतार वनखात्याचे. मंदिरं पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीत. रस्ते, गटारं नगर परिषदेची. जमिनीचे नकाशे महसुलाकडे. मुक्काम आणि जाहिरात पर्यटन महामंडळाची. काठावरचा एक हात लांबीचा कठडा तुटला तर तो कुणी बांधायचा यावर चार पत्रं फिरतात. फ्लॉरेन्सच्या सभेत निदान एक प्रश्न स्पष्ट होता: पुतळा कुठे ठेवायचा? शहर ठरवणार होतं. लोणारची शान लोणारच्या हातात फारशी नाही. चहाच्या टपरीवर तावातावानं बोलणारे तरुण जागतिक वारशाच्या यादीची मागणी करतात आणि त्याच बैठकीत सरोवरात उतरायला आम्हालाच परवानगी लागते म्हणून चिडतात. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. तिसरी, आपल्याच मोरीचं पाणी कुठे जातं ही, त्या बैठकीत निघाली नाही. मी काढली तेव्हा विषय बदलला.

२०२० च्या जूनमध्ये, सगळा देश घरात कोंडलेला असताना, तळं गुलाबी झालं. टीव्हीवर, मोबाइलवर, जगभरच्या वर्तमानपत्रांत लोणार झळकलं. पुण्याच्या आघारकर संस्थेनं आणि नागपूरच्या नीरीनं नमुने तपासले. पाणी घटून खारटपणा वाढला होता, त्यात क्षारप्रेमी सूक्ष्मजीव माजले आणि त्यांच्या रंगद्रव्यानं पाणी रंगलं. जीवांचं वस्तुमान तळाला बसलं की रंगही ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर यादीत गेलं, नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं पाणथळ. गावात त्या गुलाबी आठवड्यांचं कौतुक अजून संपलेलं नाही. कथेला तर पुरावाच मिळाला, रक्त दिसलं.

अलीकडे उलट घडतं आहे. पाणी चढतंय. कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत ते पोहोचलं, सासू-सुनेच्या विहिरीचा वाद पाण्यानं परस्पर मिटवला आणि तळ्यात मासे दिसल्याच्या बातम्या आल्या. इतक्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात मासा सहसा जगत नाही. मासा जगतो याचा अर्थ गोडं पाणी आत येतंय, पावसाचं, झऱ्यांचं, कदाचित गावाचंही. भूजलवाले झरे मोजताहेत, न्यायालयानं विचारणा केली आहे. नवरात्रात कमळजेच्या यात्रेला उतरणाऱ्या बायकांची काळजी वेगळी, वाट कुठून काढायची. हॉटेलवाल्यांना हुरहुर आहे की इतकं पाणी राहिलं तर पुन्हा गुलाबी कसं व्हायचं.

मी काठावरच्या गाईडला विचारलं, लवणासुराच्या रक्तात मासे कसे आले म्हणून लोकांनी विचारलं तर काय सांगता?

“त्याचं अजून काही ठरलं नाही, भाऊ,” तो म्हणाला आणि हळदीची पुडी खिशात टाकून पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला.